तण मेले नाही, ते का?

नंदुरबार तालुक्यातील कोरीट किंवा तापीखोऱ्यातील तसेच एखादे कपाशीचे गाव घेतले, तर पावसाळ्यातील एक प्रसंग तेथे कोणालाही ओळखीचा वाटेल. तणनाशक फवारून पंधरा-वीस दिवस लोटतात, बहुतेक गवत पिवळे पडून वाळते आणि मधूनच काही बेटे जणू काही घडलेच नाही अशी हिरवीगार उभी राहतात. दुकानदार म्हणतो, पंपात औषध कमी पडले असेल किंवा फवारणीमागून सर आली असेल. शेतकऱ्याला वाटते, मालच भेसळीचा होता. दोघांचेही म्हणणे खरे असू शकेल. परंतु ते गवतच आता त्या औषधाला दाद देत नसेल, ही तिसरी शक्यता सहसा कोणी विचारात घेत नाही. मग पुढच्या खेपेस मात्रा वाढते, खर्च वाढतो, फवारणाऱ्या मजुराच्या अंगावर पडणारे विष वाढते आणि गवत तेथेच असते.

ही शक्यता काल्पनिक नाही. हरियाणा-पंजाबच्या गव्हात ‘गुल्ली डंडा’ नावाचे गवत माजते. त्यावर आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक वर्षानुवर्षे फवारले गेले. 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ते निकामी ठरू लागले. काही शेतकऱ्यांना उभा गहू हिरवा कापून गुरांना घालावा लागला. आरंभी तेथेही दोष औषधाच्या प्रतीला आणि फवारणाऱ्याच्या हाताला दिला जात होता. हिसारच्या कृषी विद्यापीठातील राम कंवर मलिक व समर सिंह यांनी प्रयोग करून हा गवताचाच प्रतिकार असल्याचे दाखविले, तेव्हा कोठे पर्यायी औषधांची वाट मोकळी झाली. पुढे त्या पर्यायांनाही हे गवत सरावले, हा त्या कथेचा कमी सांगितला जाणारा उत्तरार्ध होय.

खानदेशातील शेतकऱ्याने लक्ष ठेवावे असे एक गवत आहे. नाचणीच्या कुळातले, बुंध्याशी चपटे व पांढुरके, बोटांसारख्या कणसांचे. शास्त्रज्ञ त्याला एल्युसिन इंडिका म्हणतात. क्रीडांगणाच्या हिरवळीत ते जितके चिवट, तितकेच पायवाटेवर आणि कपाशीच्या सरीत. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनाच्या कपाशीत 1970 च्या दशकातच ते ट्रायफ्ल्युरालिनला पुरून उरले. मलेशियात 1997 मध्ये ते ग्लायफोसेटलाही जुमानेनासे झाल्याचे आढळले. ग्लायफोसेट वनस्पतीतील ज्या एका विकराला जखडते, त्या विकराच्या घडणीत तेथील काही झाडांत इवलासा फरक होता. औषध हा फरक निर्माण करीत नाही. लाखांत एखादे असे झाड आधीच असते. औषध इतरांना मारून त्याला रान मोकळे करून देते. त्यातून हे गवत बव्हंशी स्वपरागित, म्हणजे आईचा गुण लेकरांत उतरणार. आणि एकेक झाड हजारोंनी बी टाकते!

कपाशीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. ग्लायफोसेट सहन करणाऱ्या कपाशीला देशात लागवडीची परवानगी नाही. तरी तिचे बियाणे चोरवाटेने येते. 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरलेही. निंदणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, ही त्यामागची अडचण खोटी नव्हे. पण उभ्या पिकावरून एकच औषध हंगामात दोनदा-तीनदा फवारण्याची मुभा मिळाली, म्हणजे तणांची निवडही तितक्याच वेगाने होणार. बियाणेच बेकायदेशीर, तेव्हा तण न मेल्याची तक्रार घेऊन शेतकरी अधिकाऱ्याकडे जाणार तरी कोणत्या तोंडाने? चोरीच्या मामल्यात पहिला बळी जातो तो माहितीचा.

वास्तविक ही परीक्षा फार अवघड नाही. वाचलेल्या झाडांचे पिकलेले बी कागदी पिशवीत गोळा करावयाचे आणि जेथे कधीच फवारणी झालेली नाही अशा जागेचे बी वेगळे आणावयाचे. हे दुसरे बी नसेल तर तुलनाच नाही, आणि तुलना नाही तर परीक्षाही नाही. दोन्ही बिया कुंड्यांत लावून रोपे तीन-चार पानांवर आली की काहींवर नुसते पाणी, काहींवर अर्धी मात्रा, काहींवर शिफारशीची, काहींवर दुप्पट आणि चौपट मात्रा फवारावयाची. तीन आठवड्यांनी जिवंत रोपे मोजून, कापून तोलावयाची. शिफारशीच्या मात्रेने बांधावरचे गवत मरते आणि शेतातले चौपट मात्रेनेही तगते, तर निर्णय स्पष्ट आहे. दोन्ही सारखीच मेली, तर मात्र दुकानदाराला जाब विचारावा किंवा पंपाचे नोझल तपासावे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा निष्कर्षही पहिल्याइतकाच मोलाचा आहे.

जबलपूरला तणसंशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. राज्यात कृषी विद्यापीठे आहेत, जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. मातीचा नमुना कोठे द्यावा हे कोरीटच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तणाच्या बियांचा नमुनाही तसाच घेतला जावा, त्याची पावती मिळावी आणि पेरणीपूर्वी निकाल हाती पडावा, एवढी व्यवस्था शासनाला जड नाही. बियाणे कोणते पेरले होते, हा प्रश्न मात्र त्या खिडकीवर विचारला जाऊ नये. कपाशीची पहिली वेचणी सुरू होते त्या सुमारास हे गवत बी झाडू लागते. पिशव्या वाटावयाच्या तर त्या त्याआधी गावात पोहोचल्या पाहिजेत.