जस्ताचा स्क्रू, हाडाला आधार

पावसाळ्यात बांधावरून पाय घसरतो आणि नडगीचे हाड मोडते. पूर्वी बांबूच्या कामट्या बांधून माणूस महिनोन् महिने खाटेवर पडून राही. हाड पुष्कळदा वाकडेच जुळे. आता डॉक्टर हाड नीट बसवतात आणि धातूची पट्टी व स्क्रू लावून ते जखडून ठेवतात.

ही पट्टी पोलादाची किंवा टायटॅनियम नावाच्या धातूची असते. हाड जुळले, पट्टीचे काम संपले, तरी ती आतच राहते. कित्येकांना तिचा जन्मभर त्रास होत नाही. काहींना मात्र ती टोचते, दुखते. मग ती काढायला पुन्हा ऑपरेशन! पुन्हा खर्च, पुन्हा मजुरी बुडाली.

शिवाय पोलाद हाडापेक्षा सुमारे दहापट ताठ. बराचसा भार तेच पेलते. बसून खाणारा गडी जसा ढिला पडतो, तसे काम न मिळालेले हाड कमजोर होते.

घर बांधताना आपण परांची बांधतो. भिंत उभी राहिली की ती सोडतो. हाडाची परांची आपोआप विरघळून गेली, तर किती बरे होईल! शास्त्रज्ञ त्याच शोधात आहेत.

त्यासाठी तीन धातू पाहिले गेले. लोखंड अंगात फारच सावकाश झिजते. मॅग्नेशियम भराभर झिजते आणि झिजताना वायूचे बुडबुडे सोडते. तरी २०१३ साली मॅग्नेशियमच्या स्क्रूला युरोपात परवानगी मिळाली. तिसरे जस्त. ते या दोहोंच्या मधले.

जस्त आपल्या ओळखीचेच आहे, बरं का! जस्ती पत्रा, जस्ती बादली आपण रोज वापरतो. पत्र्यावरचे जस्त आधी स्वतः झिजते आणि आतले लोखंड वाचवते. आपल्या अंगातही दोन-तीन ग्रॅम जस्त असते. रोज सुमारे १० मिलिग्रॅम लागते. ते डाळी, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून मिळते. म्हणून स्क्रूचे थोडे थोडे विरघळलेले जस्त शरीर पचवू शकते. एकदम फार विरघळले, तर मात्र अपाय होतो.

मग अडले कुठे? शुद्ध जस्त मऊ असते. ते भार घेत नाही. यालाही तोड आहे. मऊ तांब्यात जस्त मिसळले की कठीण पितळ होते, हे आपण जाणतो. तसेच जस्तात थोडे मॅग्नेशियम, लिथियम किंवा मँगनीज मिसळतात, तापवून दाबतात. मग ते मजबूत होते. असा धातू आधी शरीरातल्या पाण्यासारख्या खारट पाण्यात ठेवून पाहतात, मग प्राण्यांवर तपासतात. माणसांची पाळी शेवटी.

अशा कामाला धातू जाणणारा आणि हाड जाणणारा, दोघेही लागतात. मुंबईत १९५८ साली सुरू झालेली आय.आय.टी. ही मोठी शिक्षणसंस्था पवईच्या तलावाकाठी आहे. तिथे धातुशास्त्राचा विभाग आहे. इंजिनिअर आणि डॉक्टर यांनी मिळून औषधोपचाराची साधने बनवावीत, म्हणून २०१४ साली तिथे ‘बेटिक’ नावाचे केंद्रही निघाले.

जस्ताचे स्क्रू अजून आपल्या दवाखान्यात आलेले नाहीत. कोणी ‘विरघळणारे जस्त’ म्हणून काही विकू लागला, तर फसू नका. जस्ताच्या गोळ्या मनाने खाऊ नका. अंगात पट्टी असेल, तर ती ठेवायची की काढायची, हे डॉक्टरांनाच विचारा. आणि हाड मोडले, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. आज खरा आधार तोच आहे.