दिसत नाही तो दिग्दर्शक

दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. हलका धान कापणीला आलेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो, आणि गावोगावच्या भिंतींवर नाटकांची रंगीत पत्रके झळकू लागतात. लाखांदुराहून निघाले की पुढे वडसा लागते. सरकारदरबारी त्याला देसाईगंज म्हणतात. आम्हांला मात्र ते नाटकांची पेठ म्हणूनच ठाऊक. नाटकमंडळ्यांच्या कचेऱ्या तिथे, तारखा ठरायच्या तिथे आणि विसार द्यायचा तोही तिथेच. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि कोंबडा आरवेपर्यंत माणसे पेंडॉलमध्ये शाल गुंडाळून बसलेली असतात.

गेल्या वर्षी अशाच एका सकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई घरी आली. रात्रभर जागून आलेली, डोळे लाल. चहाचा कप हातात घेऊन तिने थेट मुद्द्याला हात घातला.

"सर, माहा पोरगा नाटकात रायते म्हनते. रातभर बसून पाह्यलं मी. गानेवाला दिसला, नाचनारी दिसली, विलन दिसला. माहा पोरगा काई दिसला नाई जी. तो करते तरी काय?"

"तो दिग्दर्शक आहे, मावशी," मी म्हणालो.

"म्हंजे काय जी?"

वाचकहो, वीस वर्षे मी मराठी शिकवतो आहे. रसाची व्याख्या विचारा, अलंकारांचे प्रकार विचारा, मी झोपेतही सांगेन. पण त्या माउलीच्या दोन शब्दांच्या प्रश्नापुढे माझी एम.ए.ची पदवी चांगलीच गांगरली. काहीबाही सांगून मी वेळ मारून नेली. ती गेली आणि प्रश्न मात्र घरातच राहिला. तिच्या मुलाने घरची शेती भावावर सोपवून हा धंदा धरलेला. गावात विचारणाऱ्याला आईने काय सांगावे, हा तिच्या लेखी अब्रूचा प्रश्न होता.

पुढे विचार करता ध्यानात आले की हा प्रश्न काही एकट्या लाखांदूरचा नव्हे. साऱ्या जगाच्या चित्रपटधंद्याला तो पडलेला आहे. नट दिसतो, गाणे ऐकू येते, देखावा डोळ्यांत भरतो. दिग्दर्शक कुठे दिसतो? आणि जो दिसत नाही, त्याला बक्षीस द्यायचे तर ते कोणी आणि कशाच्या आधारावर?

अमेरिकेतल्या दिग्दर्शकांनी याचे उत्तर आपल्यापुरते शोधले. 1936 साली त्यांनी आपली संघटना उभारली. त्या काळी हॉलीवुडमध्ये स्टुडिओच्या मालकांचा शब्द शेवटचा असे. दिग्दर्शक म्हणजे पगारी मुकादम. किंग व्हिडॉर हे या संघटनेचे पहिले अध्यक्ष. पुढे चाळिशीच्या दशकाअखेरीस या मंडळींनी आपले वार्षिक पारितोषिक सुरू केले आणि पहिला मान 'ए लेटर टू थ्री वाइव्ह्ज' या चित्रपटासाठी जोसेफ मॅन्किविझ यांना दिला. याची खुबी अशी की निवाडा करणारे सभासद स्वतः याच धंद्यातले. मते द्यायची ती दिग्दर्शकांनी आणि त्यांच्या सहायकांनी. दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. कथापटाच्या विजेत्याबरोबर त्याच्या साहाय्यक दिग्दर्शकांचा आणि निर्मिती-व्यवस्थापकाचाही तिथे सन्मान होतो. पहाटे चारला उठून गर्दीतल्या माणसांना जागेवर उभे करणारा जो कोणी असतो, त्याचेही नाव घेतले जाते. तथापि या भाऊबंदांच्या दरबारात एका स्त्रीला हा मान मिळायला 2010 साल उजाडावे लागले. 'द हर्ट लॉकर'च्या कॅथरिन बिगलो या त्या पहिल्या. सांगायचे तात्पर्य, जाणकारांची नजरही कधीकधी सवयीने आंधळी होते.

आपल्याकडचा सर्वांत मोठा मान मात्र संघटनेचा नव्हे, सरकारचा. 10 ऑक्टोबर 1954 रोजी पहिली राष्ट्रीय चित्रपट पारितोषिके दिली गेली आणि 1953 सालचा सर्वोत्कृष्ट कथापट म्हणून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ते आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला. मराठी माणसाने आजही कॉलर ताठ करावी असाच तो प्रसंग! पण बारकाईने पाहा, पदक चित्रपटाचे होते. दिग्दर्शनासाठी म्हणून वेगळे पारितोषिक तेव्हा नव्हतेच. ते सुरू झाले 1967 सालच्या चित्रपटांपासून, आणि पहिला मान सत्यजित राय यांना 'चिडियाखाना' या बंगाली चित्रपटासाठी मिळाला. नटनटींची वेगळी पारितोषिके सुरू झाली तीही त्याच वर्षी. राय यांनी हा मान पुढेही अनेकदा मिळवला.

आता कोणी म्हणेल, चित्रपट उत्तम म्हणजे दिग्दर्शन उत्तम, त्यात वेगळे ते काय? मीही असेच समजत असे. पण निकालांकडे पाहा. 2003 सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट संदीप सावंत यांचा 'श्वास'. अत्र्यांनंतर कितीतरी वर्षांनी मराठीला तो मान मिळाला. त्या वर्षीचे दिग्दर्शनाचे पारितोषिक मात्र गौतम घोष यांना, 'आबार अरण्ये' या बंगाली चित्रपटासाठी. 2016 साली तर मोठी गंमत झाली. सर्वोत्कृष्ट चित्रपट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव', तर सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक 'व्हेंटिलेटर'चे राजेश मापुसकर. दोन्ही मराठीच! एकाच घरात दोन ताटे वाढली गेली, पण ती दोन होती, एक नव्हे. म्हणजे परीक्षकही मानतात की चित्रपटाचे मोठेपण आणि दिग्दर्शकाची करामत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

ही करामत कोणती? 'व्हेंटिलेटर'च घ्या. गणपती तोंडावर आलेले, घरचा वडीलधारा माणूस इस्पितळात यंत्राच्या श्वासावर, आणि सारा गोतावळा तिथे जमलेला. कोणी रडते आहे, कोणी भांडते आहे, कोणाला घरच्या गणपतीची काळजी. इतक्या माणसांत आपण गोंधळत कसे नाही? ज्या क्षणी ज्याच्याकडे पाहायला हवे त्याच्याकडेच आपली नजर जाते. ती आपोआप जात नाही, कोणीतरी नेते. 2012 सालचे पारितोषिक शिवाजी लोटन पाटील यांना 'धग'साठी मिळाले. स्मशानात अंत्यविधीची कामे करणाऱ्या घरातला मुलगा आणि त्याला त्यातून बाहेर पडायची लागलेली ओढ, असा तो विषय. सरणाजवळ कॅमेरा नेला की प्रेक्षकाला रडवणे सोपे. त्याला रडू न देता विचार करायला लावणे कठीण. त्याच चित्रपटासाठी उषा जाधव यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. आणि 2021 सालचा मान निखिल महाजन यांना 'गोदावरी'साठी. तिथे नाशकातली नदी नुसती देखावा म्हणून वाहत नाही; भाडेवसुली करत फिरणाऱ्या, साऱ्या जगावर चिडलेल्या माणसाच्या शेजारी ती घरच्या वडीलधाऱ्यासारखी बसून राहते. दहा वर्षांत तीनदा हा मान मराठी चित्रपटाला मिळाला, ही बाब किरकोळ नव्हे.

पण निवाडा कोणी करावा, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे आधी विभागवार परीक्षक चित्रपट पाहतात आणि त्यातून निवडलेले चित्रपट मग दिल्लीच्या मध्यवर्ती मंडळापुढे जातात. यात एक लाभ निश्चित आहे. ज्या चित्रपटाला थिएटर मिळत नाही, जाहिरातीला पैसा नसतो, तोही त्या खोलीत बड्या चित्रपटाशेजारी बसतो. हजारो सभासदांच्या मतदानात तसे होईलच असे नाही. न पाहिलेल्याला मत कोण देणार? उलट, थोड्या माणसांचा निवाडा म्हटला की मंडळ बदलले की आवडही बदलते आणि दरवर्षी कुरबूर ठरलेली. दोन्ही पद्धतींत खोट आहे. तरी मला विचाराल तर निदान एक तरी पारितोषिक त्याच धंद्यातल्या माणसांनी दिलेले असावे. ते का, हे मला पुस्तकाने नव्हे, त्या माउलीनेच शिकवले.

झाले असे की यंदा पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, ती मला बांधीच्या धुऱ्यावर भेटली. गुडघाभर चिखलात उभी, हातात धानाचे पऱ्हे. एकाएकी मला वर्षभर न सुचलेले उत्तर सुचले.

"मावशी," मी म्हणालो, "रस्त्यावरून एस.टी. जाते, तिच्यातल्या माणसांना काय दिसते?"

"हिरवं रान दिसते, दुसरं काय?"

"आणि पाणी किती धरले, कुठल्या धुऱ्याला फोडून कुठल्या बांधीत सोडले, ते?"

ती हसली. "ते त्याईले कसं कळंल जी? ते शेजारच्या बांधीतल्याले कळते."

"तुमचा मुलगा नाटकात तेच करतो. पाणी धरतो."

ती क्षणभर थांबली, हातातल्या पऱ्ह्यांकडे पाहिले आणि म्हणाली, "मंग लय कामाचं करते म्हना की." आणि पुन्हा वाकून रोवू लागली. मी निघालो तर मागून हाक आली, "सर, पन पानी धरनाऱ्याले बक्षीस कोन देते जी?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे माझ्या एकट्याच्या हातात नाही, म्हणून हा लेख. झाडीपट्टीच्या रंगभूमीची दखल देशाने घेतली आहे. 2023 साली गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हां सर्वांचीच छाती फुगली. पण तो मान रंगमंचावर उभ्या राहिलेल्या कलावंताचा. विंगेत उभे राहून, मोजक्या तालमींच्या जोरावर, प्रॉम्प्टरच्या आवाजाशी नटाची पावले जुळवून पहाटेपर्यंत हजारो माणसांना जागेवर खिळवणारा जो असतो, त्याचे काय? हंगाम संपला की वडशात सगळ्या मंडळ्यांचे दिग्दर्शक एका दिवसासाठी एकत्र बसावेत, आणि त्यांनीच आपल्यातला एक निवडावा. सुवर्णकमळ नको, नारळ आणि शाल पुरे. आणि जमलेच तर त्याच्या हाताखालच्या पोरांचीही नावे त्या दिवशी मोठ्याने वाचावीत. शेजारच्या बांधीतल्या माणसाने "पाणी चांगले धरलेस रे" म्हटले, तर शेतकऱ्याला आणखी काय हवे असते?

यंदाही मंडई येते आहे. आपण नाटकाला जाल, चित्रपट पाहाल. पत्रकाच्या तळाशी किंवा पडद्यावरच्या पाट्यांत, आपण उठून निघण्याच्या बेतात असताना, एक नाव येते. ते वाचून मग उठा. तूर्त तेवढे बक्षीस देणे तुमच्या-माझ्या हातात आहे. ती माउलीही यंदा पत्रक घेऊन येणार आहे. मुलाचे नाव कुठे छापले आहे ते तिला बोटाने दाखवून द्यायचे मी कबूल केले आहे.