हिमदंशाचे निदान आणि रक्ताची साक्ष

१३ एप्रिल १९८४ रोजी भारतीय सेनेने ‘ऑपरेशन मेघदूत’ हाती घेऊन सियाचिनवर पाय रोवले. तेव्हापासून तेथील जवानाला शत्रूपेक्षा निसर्गाशीच अधिक झुंजावे लागले आहे. उणे पन्नास अंशांपर्यंत उतरणाऱ्या तपमानात हिमदंशाने हातापायांची बोटे गमावण्याची धास्ती नित्याचीच. या हानीचे दोन टप्पे असतात. प्रथम ऊतींमध्ये बर्फाचे स्फटिक तयार होतात; पुढे अवयवाला ऊब मिळाल्यावर सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन रक्तपुरवठा खंडित होतो. पहिली हानी बहुधा भरून येत नाही. दुसरी मात्र वेळीच हालचाल केल्यास पुष्कळशी टाळता येते.

अडचण आहे ती हा ‘वेळीच’ शब्द पाळण्याची. पहिल्या दिवशी बोट जगेल की मरेल, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. ‘हिमदंश जानेवारीत, शस्त्रक्रिया जुलैत’ ही शल्यविशारदांची जुनी उक्ती याच असहायतेतून जन्मली. आज मात्र थांबून राहणे परवडणारे नाही. गुठळ्या विरघळविणारे औषध साधारणतः चोवीस तासांच्या आत द्यावे लागते. रक्तवाहिन्या रुंदावणारे आयलोप्रोस्ट बहात्तर तासांपर्यंत उपयोगी पडू शकते. फ्रान्समधील ४७ रुग्णांवरील प्रयोगात केवळ आयलोप्रोस्ट दिलेल्या गटात एकही बोट कापावे लागले नाही, हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेने तीव्र हिमदंशासाठी या औषधास फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता दिली.

म्हणजे औषध आहे. प्रश्न आहे तो ते कोणाला द्यावे, हा. गुठळ्या विरघळविणाऱ्या औषधाने रक्तस्रावाचा धोका संभवतो, म्हणून ते सरसकट देता येत नाही. किरणोत्सारी टेक्नेशियम वापरून केलेल्या हाडांच्या चित्रणावरून निर्जीव भाग बराच लवकर ओळखू येतो. परंतु त्यासाठी लागणारा गॅमा कॅमेरा हिमनदीवर नेता येत नाही, आणि हेलिकॉप्टरचे उड्डाण हवामानाच्या मर्जीवर अवलंबून असते. हृदयविकारात ट्रोपोनिनची रक्ततपासणी जे काम करते, ते येथे करणारा निदर्शक हवा आहे. क्रिएटिन कायनेज स्नायूंची इजा दाखविते, पण कठोर चढणीनेही ते वाढते. डी-डायमर गुठळ्यांचा संकेत देते, पण कोणत्या गुठळ्यांचा, ते सांगत नाही. हिमदंशाच्या फोडांतील द्रवात थ्रॉम्बॉक्सेनचे प्रमाण अधिक असल्याचे १९८१ मध्येच दिसून आले होते. तथापि बोटाचे भवितव्य खात्रीने सांगणारी रक्ततपासणी अद्याप प्रस्थापित झालेली नाही.

अर्थशास्त्राचा अभ्यासक या नात्याने मला यात बाजारयंत्रणेची मर्यादा दिसते. माहितीचे मूल्य तिच्यामुळे बदलणाऱ्या निर्णयावर ठरते. या तपासणीने एक निरर्थक उड्डाण टळेल, एक हात वाचेल, एका कुटुंबाचा कर्ता कमावता राहील. हे मूल्य थोर आहे. परंतु तिचे ग्राहक कोण? जवान, हमाल, गिर्यारोहक आणि थंड देशांतील बेघर माणसे. संख्येने थोडे, क्रयशक्तीने त्याहून थोडे. नफ्यावर डोळा ठेवणारे भांडवल इकडे आपणहून वळेल, ही आशा व्यर्थ आहे. ज्या वस्तूचे सामाजिक मूल्य बाजारभावात उतरत नाही, तिचा भार सार्वजनिक तिजोरीने उचलावा, हे शास्त्राचे जुने सूत्र येथे तंतोतंत लागू पडते. संरक्षण संशोधन विभागाची शरीरक्रियाविज्ञानाची प्रयोगशाळा दिल्लीत आहे आणि प्रदीर्घ अनुभव सैनिकी रुग्णालयांपाशी आहे. या दोहोंनी रुग्णांच्या नोंदी व रक्ताचे नमुने पद्धतशीरपणे जमविले, तर जगाला उपयोगी पडणारे काम येथेच होऊ शकेल.

मात्र तपासणी ही पादत्राणांची जागा घेऊ शकत नाही. अतिउंचावरील जवानांसाठीचे बूट व हिम-चष्मे यांच्या तुटवड्याची नोंद २०२० मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात आहे. बूट आधी, सदतीस ते एकोणचाळीस अंशांचे कोमट पाणी त्यानंतर, आणि रक्ताची साक्ष त्यापुढे, हाच क्रम योग्य. पण पहिल्या दोन पायऱ्या अपुऱ्या आहेत, म्हणून तिसरीची उभारणी लांबणीवर टाकणे मात्र समर्थनीय नाही. जो देश तरुणांना त्या उंचीवर पाठवितो, त्याने त्यांच्या बोटांचा हिशेबही वेळेवर मांडला पाहिजे.