लघवीची आग, पण रिपोर्ट साफ : हे दुखणं कशानं भडकतं आणि आईकडून लेकीकडे येतं का?



बैठकीत हप्ते गोळा होतात, कर्जाचं बोलणं होतं, सह्या होतात. मग उठता उठता एखादी ताई शेजारणीच्या कानात सांगते, "मला मेलं सारखं लघवीला लागतंय गं, आणि ओटीपोटात नुसती आग होते." विषय तिथंच संपतो, कारण लाज वाटते. आज आपण याच विषयावर मोकळं बोलू.

समजा, चाकण एमआयडीसीत लाईनवर काम करणारी एक ताई आहे. मूत्राशय जरा भरलं की ओटीपोटात कळ येते. लघवी करून आली की थोडं बरं वाटतं, अर्ध्या तासात परत तेच. रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं. डॉक्टर म्हणाले, "उन्हाळी लागली असेल, इन्फेक्शन असेल." पाच दिवस गोळ्या घेतल्या, फरक नाही. परत दुसऱ्या गोळ्या, तरी फरक नाही. मग लघवी तपासली तर रिपोर्ट साफ! घरचे म्हणतात, "तुझ्या मनाचे खेळ आहेत." शेजारीण म्हणते, "पिशवी काढून टाक एकदाची."

हा मनाचा खेळ नाही, आणि पिशवी काढून तो जाईलच असंही नाही.

हे दुखणं कोणतं?

याला डॉक्टर 'इंटरस्टिशियल सिस्टायटिस' म्हणतात, थोडक्यात 'आयसी'. साध्या भाषेत मूत्राशयाचं जुनाट दुखणं. जंतू सापडत नाहीत, पण दुखणं, दाब किंवा आग आणि वारंवार लघवी ही लक्षणं सहा आठवड्यांच्या वर टिकतात. हे पुरुषांनाही होतं, पण बायकांमध्ये जास्त दिसतं. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. नवऱ्याकडून आलेलं नाही आणि अस्वच्छतेमुळेही झालेलं नाही.

दुखणं नवीन नाही. अमेरिकेतल्या हनर नावाच्या डॉक्टरांनी १९१५ साली अशा बायकांच्या मूत्राशयातल्या जखमांचं वर्णन केलं होतं. पण सगळ्यांच्या मूत्राशयात जखमा दिसत नाहीत. नेमकं एकच कारण अजून सापडलेलं नाही. मूत्राशयाचं आतलं अस्तर नाजूक होतं आणि तिथल्या नसा फार हळव्या होतात, असं डॉक्टर मानतात. आपल्या हाताला खरचटलं असलं की लिंबाचा थेंबही झोंबतो, तसंच काहीसं.

आधी दुसरं काही नाही ना, हे बघा

प्रत्येक जळजळ म्हणजे आयसी नाही. म्हणून आधी साध्या तपासण्या करायच्या: लघवीची तपासणी, लघवीचं कल्चर, रक्तातली साखर आणि सोनोग्राफी. कल्चरसाठी लघवी गोळ्या सुरू करायच्या आधी द्यायची, नाहीतर जंतू असूनही सापडत नाहीत.

मुतखडा, शुगर, अंग बाहेर येणं, यांनीही असाच त्रास होतो. मूत्रमार्गाचा टीबीही असू शकतो. साध्या कल्चरमध्ये टीबीचे जंतू दिसत नाहीत, त्याची तपासणी वेगळी असते. लघवीत पू दिसतो पण कल्चर साफ येतं, असं झालं तर टीबीबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

लघवीतून रक्त आलं, थंडी वाजून ताप आला, कमरेत जोरात दुखलं, लघवी अडली, किंवा पोटुशी असताना जळजळ झाली, तर अंगावर काढू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि पिशवीबद्दल. गर्भाशयाची पिशवी वेगळी, लघवीची पिशवी म्हणजे मूत्राशय वेगळं. दोन्ही ओटीपोटातच असल्यामुळे घोटाळा होतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितलं तर आधी विचारा, "दुखणं गर्भाशयाचंच आहे की मूत्राशयाचं?" आणि दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

कशानं भडकतं?

आयसी असलेल्या बाईला कधी महिनाभर बरं असतं आणि मग एकदम उसळी येते. त्या उसळीला बहुधा काहीतरी निमित्त असतं.

*खाणं-पिणं:* कडक चहा, कॉफी, लिंबू, संत्रं, टोमॅटो, चिंच, लोणचं, ठेचा, झणझणीत रस्सा, कोल्ड्रिंक, दारू, चायनीजच्या गाडीवरचं व्हिनेगर. इथंच आपली एक गंमत होते. उन्हाळी लागली म्हणून आपण लिंबूपाणी पितो, आणि आयसी असेल तर तेच जास्त झोंबतं.

*लघवी दाबून ठेवणं:* लाईन सोडता येत नाही, बाजारात संडास नाही, असला तर जाववत नाही. म्हणून आपण दाबून ठेवतो, आणि जावंच लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. पाणी कमी पडलं की लघवी गडद आणि तिखट होते आणि जास्त आग करते.

*बाकीची कारणं:* मासिक पाळीच्या आधीचे दिवस, शरीरसंबंध, बद्धकोष्ठ, घट्ट कपडे, खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडीचे धक्के, खरोखरचं इन्फेक्शन, जागरण आणि ताण. ताणामुळे दुखणं वाढतं याचा अर्थ दुखणं खोटं आहे असा नाही. ताणानं बीपी वाढतं, ते खोटं असतं का?

मात्र एकीचं पथ्य दुसरीला लागू पडेल असं नाही. एकीला टोमॅटो चालतो पण चहा चालत नाही, दुसरीचं उलट. म्हणून ही यादी बघून सगळंच सोडू नका, अंगात ताकद राहणार नाही.

आपली वही कामाला लावा

हिशोबाची वही आपल्याला येतेच. तशीच पंधरा दिवस एक वही ठेवा. काय खाल्लं-प्यायलं, किती वेळा लघवीला गेलात, दुखणं दहापैकी किती, पाळी कधी, शिफ्ट कुठली. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा, किंवा नुसत्या रेघा मारा.

मग संशय येणाऱ्या गोष्टी आठ-दहा दिवस बंद करा. भात, भाकरी, दूध, दुधी, बटाटा बहुतेकींना सोसतात. बरं वाटलं की एकेक वस्तू परत सुरू करा, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या. जी वस्तू घेतल्यावर उसळी आली ती आपली वैरीण. तेवढीच टाळायची. ही वही डॉक्टरांनाही दाखवा, त्यांचं निदान सोपं होतं.

आईला होतं, म्हणून मला होणार का?

हा प्रश्न लेकी विचारतात, आणि आयांना तर त्याची जास्तच धास्ती असते. अमेरिकेत २००४ साली एक अभ्यास छापून आला. आयसीच्या रुग्णांच्या आई, बहिणी, लेकी यांच्यात हे दुखणं इतर बायकांपेक्षा १७ पट आढळलं. ऐकून छातीत धस्स होतं. पण मूळ आकडा फार लहान होता. १७ पट होऊनही तो जेमतेम शंभरात एक भरला. म्हणजे जवळच्या नात्यातल्या शंभरातल्या नव्व्याण्णव जणींना हे दुखणं नव्हतं.

स्वीडनमध्ये जुळ्यांच्या अभ्यासातून २०११ साली असं दिसलं, की बायकांमध्ये यात रक्तातून येणाऱ्या गोष्टींचा वाटा एक-तृतीयांशापेक्षाही कमी आहे. बाकीचा वाटा परिस्थितीचा. आणि परिस्थितीही घरातून घरात येतेच की! तोच कडक चहा, तीच लघवी दाबायची सवय. "बाहेर गेलीस की पाणी पिऊ नको," हे लेकीला आपणच शिकवतो ना?

तेव्हा नात्याचा उपयोग घाबरण्यासाठी करायचा नाही, लवकर ओळखण्यासाठी करायचा. घरात आईला, मावशीला असा त्रास होता का, हे डॉक्टरांना सांगा. लेकीनं तक्रार केली तर वर्षभर गोळ्या बदलत बसू नका. सोयरीक जुळवताना हे दोष म्हणून बघण्याचं तर काहीच कारण नाही.

उपाय आहे का?

मुळापासून जाईल असं औषध आज नाही, पण दुखणं ताब्यात ठेवता येतं. पथ्य, ओटीपोटावर शेक, लघवीच्या दोन वेळांतलं अंतर दहा-दहा मिनिटांनी हळूहळू वाढवणं आणि फिजिओथेरपी. खालचे स्नायू आवळायचे व्यायाम मात्र स्वतःच्या मनानं करू नका. या दुखण्यात बरेचदा स्नायू आधीच ताठलेले असतात, ते सैल करायला शिकायचं असतं. त्याहून पुढे गोळ्या आणि मूत्राशयात औषध सोडणं हे उपाय मूत्ररोगतज्ज्ञ सांगतात. गरज वाटली तर ते दुर्बिणीतून मूत्राशय बघतात.

सुरुवात चाकणच्या ग्रामीण रुग्णालयातून करता येते. पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर चिंचवडच्या मोहननगरमधलं कामगार विमा रुग्णालय तुमच्या हक्काचं आहे.

गटानं काय करायचं?

पुढच्या बैठकीत दहा मिनिटं या विषयाला द्या. कुणाला दीड महिन्याच्या वर त्रास आहे, ते विचारा. तिला एकटीला पाठवू नका, एकजण सोबत जा. कारखान्यात बायकांसाठी वेगळी स्वच्छतागृहं ठेवणं मालकाला कायद्यानं बंधनकारक आहे, हे कामावर जाणाऱ्या सगळ्याजणींना सांगा. एकटीला मागायला जड जातं, दहाजणींनी मिळून मागितलं तर ऐकावं लागतं.

आणि लेकींना आजपासून एवढं सांगा: पाणी पी, लागली की जा, दुखलं की सांग.