रिग हलते, विहीर हलत नाही

ऐंशीच्या दशकातल्या एक रुपयाच्या नोटेच्या पाठीमागे समुद्रात उभी असलेली रिग छापलेली असे. ती ‘सागर सम्राट’. १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबई हायचं तेल लागलं ते तिनेच खोदलेल्या विहिरीत. म्हातारपणी तिचा पेशा बदलला. ड्रिलिंगचा सरंजाम उतरवून तेल, वायू आणि पाणी वेगळं करणारी यंत्रणा तिच्यावर चढवली गेली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १४० किलोमीटरवर, डब्ल्यूओ-१६ या लहान क्षेत्रांच्या समूहात, तिने उत्पादन सुरू केलं.

अशा फिरत्या प्लॅटफॉर्मविषयी पहिला गैरसमज म्हणजे तो सतत तरंगत असतो. जहाजावरचे तरंगते कारखाने असतात, पण सागर सम्राटसारखी जॅक-अप रिग तरंगते ती फक्त प्रवासात. टग तिला ओढून नेतात, तेव्हा तिचे पाय आकाशात उंच उभे असतात. जागेवर आली की पाय खाली सोडायचे, तळाला टेकले की त्यांच्याच आधाराने सगळा डोलारा वर चढवायचा. त्याआधी टाक्यांत समुद्राचंच पाणी भरून पायांवर मुद्दाम जादा भार देतात. तळाची माती खचायची असेल तर आत्ताच खचू दे, वादळात नको! मग पाणी सोडून देतात आणि डेक लाटांच्या आवाक्याबाहेर नेतात. पायांची लांबी ठरलेली, त्यामुळे खोल समुद्रात ही युक्ती चालत नाही. तिथे तरंगतंच काही लागतं.

दुसरा समज: तेल संपलं की बिऱ्हाड उचलून पुढे. उचलायचं ते फक्त यंत्रणेचं. विहीर जिथे आहे तिथेच राहते, ती सिमेंटने नीट बुजवावी लागते. पाइपलाइनही तशीच, आधी धुऊन मोकळी करावी लागते. आपल्या पावसाळ्यात तर टग आणि रिग दोघेही उघाडीची वाट बघतात.

जुनी रिग वापरली म्हणजे काम झटपट, हेही खरं नाही. सागर सम्राटच्या रूपांतराचं कंत्राट २०११ चं. उत्पादन कधी सुरू झालं ते वर आलंच आहे.

मग एवढा खटाटोप कशासाठी? छोट्या क्षेत्रासाठी कायमचा प्लॅटफॉर्म बांधला तर त्याचा खर्च तिथल्या तेलातून निघेलच असं नाही. फिरत्याचा खर्च दोन-चार क्षेत्रांवर वाटला जातो. शिवाय ‘छोटं क्षेत्र म्हणजे दोन दिवसांचा पाहुणा’ हा अंदाजही फसतो. नॉर्वेचं ग्लिट्ने २००१ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याला २६ महिने दिले होते. ते २०१३ पर्यंत चाललं. तिथलं पेट्रोयार्ल-१ हे जहाज १९८६ चं. डागडुजी होऊन २०१८ मध्ये ते ब्राझीलच्या अटलांटा क्षेत्रात तेल काढायला लागलं.