परिचारिका : नुसती सेवा कीं विद्या ?

गेल्या आषाढांत आमच्या घरांतील एका वृद्ध बाईंच्या मांडीचें हाड मोडल्यामुळें बारामतीच्या एका रुग्णालयांत आम्हांस बारा रात्री काढाव्या लागल्या. त्यांपैकीं एक रात्र आम्ही विसरूं शकत नाहीं. ती एकादशीची होती. बाईंना मधुमेहाचा जुना विकार. सायंकाळीं इन्शुलिन टोचतांना परिचारिकेनें विचारलें, "आजी आतां लगेच जेवतील ना ?" आम्ही वर न पाहतांच "होय" म्हणालों. आजींनीं मात्र उपास मोडावयाचा नाहीं म्हणून कोणास न कळूं देतां ताट तसेंच परत पाठविलें.

रात्रीं दोनच्या सुमारास रात्रपाळीची परिचारिका फेरीस आली आणि आजींना हालवून जागें करूं लागली. आम्ही कांहींशा रागानेंच म्हणालों, "अहो सिस्टर, आत्तां कोठें त्यांचा डोळा लागला आहे, झोपूं द्या ना!" तिनें आजींच्या कपाळावरून हात फिरविला. तो घामानें ओला झाला होता. "काका, ही झोप नव्हे," एवढेंच ती म्हणाली. बोटांतून थेंबभर रक्त घेऊन तिनें साखर पाहिली. ती अवघी ४२ भरली. डॉक्टरांना दूरध्वनि करून तिनें लागलीच शिरेवाटें ग्लुकोज दिलें. दहा मिनिटांत आजींनीं डोळे उघडून विठ्ठलाचें नांव घेतलें. आम्ही तिला थांबवूं शकलों असतों तर काय झालें असतें, हा विचार अजून अंगावर कांटा आणतो.

मागाहून कळलें कीं, त्या रात्रीं तिच्याकडे तीसाहून अधिक खाटा होत्या. भारतीय परिचर्या परिषदेचें मानक असें कीं, वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागें एक व इतरत्र पांच रुग्णांमागें एक परिचारिका असावी. तीसांपैकीं कोणती झोप खरी व कोणती खोटी हें एकटीनें ओळखावयाचें, हें काम केवळ कनवाळूपणानें होणारें नाहीं. त्याला शिक्षण लागतें. सर्वसाधारण परिचर्येचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा व पदवीचा चार वर्षांचा आहे. शरीररचना, औषधांचीं प्रमाणें, जंतुशास्त्र, प्रसूतिशास्त्र हें सारें शिकून ती कक्षांत उभी राहते. पुढें अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशा तिच्या पायऱ्या असतात. डॉक्टर दिवसांतून एकदोनदां येऊन जातात. मधल्या सर्व तासांत रोग्याचें काय चाललें आहे तें पाहणारे डोळे तिचेच.

आमच्या समाजाचें या विद्येशीं वागणें मात्र विचित्र आहे. मुंबईच्या कामा रुग्णालयांत १८९१ सालीं काशीबाई गणपत या बाईंनीं परिचर्येचें शिक्षण घेण्यास प्रारंभ केला. १८९७ च्या प्लेगांत पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांनीं देह ठेविला. पुढें १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं पुण्यांत सेवासदन स्थापिलें आणि त्याच्या द्वारें ससून रुग्णालयांत हिंदु स्त्रियांस, विशेषतः विधवांस, परिचारिकेचें शिक्षण मिळण्याची सोय झाली. परक्याच्या देहास स्पर्श, मलमूत्राचा विटाळ, रात्रीं घराबाहेर राहणें, या तिन्हींवर त्या काळीं आमच्याच घरांतून नाकें मुरडलीं जात. परिणाम असा कीं, १९४६ च्या भोर समितीस साऱ्या हिंदुस्थानांत सुमारें सात हजारच परिचारिका आढळल्या; म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागें एक ! आज विटाळ कोणी बोलून दाखवीत नाहीं. तरी मुलगी डॉक्टर होणार म्हणतांच पेढे वाटले जातात, आणि परिचारिका होणार म्हटलें कीं घर गप्प होतें.

बारामतीस २०१९ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. येथें निदान हांक मारली तर डॉक्टर येतो. पूर्वेस इंदापूर तालुक्यांतील खेड्यांत गेलें म्हणजे या विद्येची याहून कठीण कसोटी दिसते. सपाट प्रदेशांत पांच हजार वस्तीस एक उपकेंद्र असावें असा नियम आहे, आणि तेथील सारा भार आरोग्य सेविकेवर असतो. त्यांतच गळिताचा हंगाम आला कीं माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरांत बीडकडील ऊसतोड मजुरांच्या खोपी उठतात. त्यांतील गरोदर बाईचें कार्ड गांवीं राहिलेलें असतें आणि पहांटे फडांत गेलेली ती दिवस मावळेपर्यंत खोपीवर परतत नाहीं. सेविकेनें लसीची पेटी घेऊन तिला गांठावयाचें. पाय सुजले, डोकें दुखतें, असें ती म्हणाली तर ती नुसती थकली आहे कीं तिचा रक्तदाब चढला आहे, हें तेथल्या तेथें पाहून तिला इंदापुरास वा बारामतीस धाडावयाचें कीं नाहीं तें ठरवावयाचें. चूक झाली तर दोन जीवांशीं गांठ. तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर या वाटेनें जाते तेव्हां वारकऱ्यांच्या पायांचे फोड धुण्यासही याच वर्गांतील स्त्रिया बसलेल्या असतात.

अशा स्त्रीस आम्ही 'देवदूत' म्हणतों आणि तेवढ्यावर आमचें ऋण फिटलें असें मानतों. २०२० च्या महामारींत टाळ्या वाजविल्या. पण २०२२ च्या मे महिन्याअखेर राज्यांतील परिचारिका बाह्य संस्थेमार्फत कंत्राटी भरती नको म्हणून संपावर गेल्या, आणि २०२५ च्या जुलैंत पुन्हां जावें लागलें, तेव्हां "सेवाभाव राहिला नाहीं" असें म्हणणारे आमच्यांतच पुष्कळ निघाले. संपानें रोग्यांचे हाल होतात हें खरें. पण तीस खाटांमागें एक बाई उभी करण्यानेंही ते रोज होतात, आणि त्याविषयीं कोणी बोलत नाहीं. सेवा हा शब्द मोठा आहे. मात्र अपुरा पगार, अनिश्चित नोकरी आणि न मिळालेली झोप झांकण्यासाठीं तो वापरणें हा त्या शब्दाचाच अपमान होय.

सरकारनें काय करावें तें सरकारास सांगितलेंच पाहिजे. पण आमच्या वाचकांच्या हातीं असलेल्याही कांहीं गोष्टी आहेत. परिचारिकेनें विचारलेल्या प्रश्नास पाहून व खरें उत्तर द्यावें. तिला 'ए' म्हणून हांक मारूं नये. रोग्याभोंवतीं नातलगांचा मेळा जमवूं नये. आणि घरांतील एखाद्या मुलीनें वा मुलानें ही विद्या शिकावयाची इच्छा दाखविली, तर गप्प बसूं नये.

आजी घरीं परतल्यावर पुढच्या एकादशीस आम्हीं त्यांच्यापुढें ताट ठेविलें. त्या क्षणभर थांबल्या. मग "त्या पोरीनें सांगितलें आहे" असें म्हणून जेवूं लागल्या.