गावोगावचा वारसा आणि ‘इंटॅक’चे कार्य

सांगे तालुक्यातील कुर्डी हे गाव साळावली धरणाच्या जलाशयात १९८० नंतरच्या दशकात बुडाले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव. ग्रामस्थांचे पुनर्वसन वाडे व वालकिणी येथे झाले. गावातील महादेवाचे प्राचीन देवालय दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ सुरक्षित जागी पूर्ववत उभारण्यात आले, आणि जांभ्या दगडात कोरलेली देवीमातेची मूर्ती वेर्णे येथे नेण्यात आली. बाकीचे गाव मात्र पाण्याखाली राहिले. मे महिन्यात पाणी ओसरले की घरांचे चौथरे उघडे पडतात आणि जुने रहिवासी सोमेश्वराच्या उत्सवासाठी तेथे जमतात.

कुर्डीच्या देवालयाकडे शासनाचे लक्ष होते, म्हणून ते वाचले. प्रत्येक वास्तूच्या वाट्यास हे भाग्य येत नाही. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय अधिनियमान्वये देशभरात सुमारे ३,७०० वास्तू व स्थळे संरक्षित असून त्यांपैकी २१ गोव्यात आहेत. गोव्याचा स्वतःचा अधिनियम १९७८ चा असून त्याखाली आणखी ५१ स्थळे येतात. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराचे देवालय या दुसऱ्या यादीतील आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचा जीर्णोद्धार करविला होता. राज्य शासनाने हाती घेतलेले त्याचे जतनकार्य पूर्ण होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये ते भाविकांसाठी पुन्हा खुले झाले. परंतु या दोन्ही याद्यांची बेरीज केली तरी ती शंभराच्या आतच राहते. गावोगावची देवळे, घुमट्या, तळ्या, जुनी घरे, वीरगळ, दप्तरे यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

या उरलेल्या वारशासाठीच ‘इंडियन नॅशनल ट्रस्ट फॉर आर्ट अँड कल्चरल हेरिटेज’ ही संस्था १९८४ च्या जानेवारीत दिल्ली येथे स्थापन झाली. ‘इंटॅक’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. राजीव गांधी हे तिचे पहिले अध्यक्ष, आणि तिच्या उभारणीत श्रीमती पुपुल जयकर यांचा मोठा वाटा होता. ती शासनाचे खाते नव्हे. सोसायट्यांच्या नोंदणीविषयक १८६० च्या अधिनियमाखाली नोंदलेली संस्था आहे. देशभर तिच्या शाखा असून गोव्यातही एक आहे. शाखेचा संयोजक व सभासद हे बहुधा आपापला व्यवसाय सांभाळून हे काम करणारे स्थानिक नागरिक असतात.

संस्थेच्या हाती कायद्याचा अधिकार नाही, ही गोष्ट प्रथमच स्पष्ट केलेली बरी. एखादे देऊळ पाडू नका, असा हुकूम ती काढू शकत नाही. गोव्यातील बहुसंख्य देवालयांचा कारभार महाजनांकडे असतो, आणि १९३३ च्या नियमनानुसार मामलेदार हे त्यांचे प्रशासक असतात. पुरातत्त्व खात्याची सत्ता संरक्षित स्मारकापुरती. चुन्याचे काम जाणणारा कारागीर तिसऱ्याच गावी. असंरक्षित वास्तूंची यादी करणे, त्यांची वर्णने व छायाचित्रे नोंदविणे, आणि मालक, कारागीर, तज्ज्ञ व अधिकारी यांना वेळीच एकत्र बसविणे हे संस्थेचे खरे कार्य. ते दिसायला लहान आहे. पण त्यावाचून काय होते, याचे उदाहरण कावी भित्तिचित्रांत पाहावयास मिळते.

कावी ही कोकण, गोवा आणि कारवारकडील किनारपट्टीची कला. काव म्हणजे तांबडी माती, तीवरून हे नाव. शिंपले भाजून केलेला चुना, धुतलेली वाळू आणि गूळ यांचे मिश्रण काही दिवस मुरत ठेवावयाचे, ते कुटून भिंतीस गिलावा द्यावयाचा आणि त्यावर कावेचा तांबडा थर चढवावयाचा. हा थर ओला आहे तोवर अणकुचीदार हत्याराने तो खरवडला की खालचा शुभ्र चुना दिसू लागतो. दोनच रंग, पण त्यांतून वेली, मोर, देवदेवता व जाळीची नक्षी उमटते. रंग वरून लावलेला नसून गिलाव्याचाच अंश असल्याने ही चित्रे पिढ्यान् पिढ्या टिकतात. होनावरचे डॉ. कृष्णानंद कामत यांनी गावोगाव हिंडून या कलेच्या नोंदी केल्या. आज तिच्याविषयी जी जाण आहे तिचे बरेचसे श्रेय त्यांच्याकडे जाते.

या भिंतींचा नाश शत्रूंनी केला असे नाही. भक्तांनीच, आणि श्रद्धेने, केला. देवस्थानाचे उत्पन्न वाढले, परगावी स्थायिक झालेल्या कुळाव्यांनी वर्गणी पाठविली, आणि जीर्णोद्धाराच्या ठरावासरशी जुना गिलावा उकलून सिमेंट, तैलरंग व संगमरवरी फरशी बसली. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जुने ते मोडकळीस आलेले, असे कोणाही गृहस्थास वाटावे. परंतु जांभ्याच्या भिंतीत पावसाळी ओल शिरते व चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडते. सिमेंटने ती आत कोंडली जाते आणि थोड्याच वर्षांत पापुद्रे सुटू लागतात, हे त्यांना वेळेवर कोणी सांगितले नाही.

येथे एक अडचण अशीही आहे की, कावीचा हा टापू आज महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक अशा तीन राज्यांत विभागलेला आहे. पुरातत्त्व खाती तीन, नियम तीन. एका राज्यातील कारागीर दुसऱ्या राज्यातील देवस्थानास ठाऊक नसतो. ही गाठ घालून देण्यास अनेक राज्यांत शाखा असलेली संस्था अधिक सोयीची.

असंरक्षित वास्तूंसाठी ‘इंटॅक’ने २००४ मध्ये एक सनद स्वीकारली. नित्य पूजाअर्चा चालणारे देऊळ उत्खननातील अवशेषांप्रमाणे आहे त्या स्थितीत गोठवून ठेवता येत नाही, हे तीत मान्य केले आहे. त्याची दुरुस्ती परंपरागत कारागिरांच्या हातून व त्यांच्या पद्धतीने व्हावी, कारण त्यांचे ज्ञान हाही वारसाच होय, अशी तिची भूमिका आहे. जीर्णोद्धारास विरोध म्हणजे धर्मकार्यास विरोध, असा जो समज अनेक ठिकाणी आढळतो त्याचे येथे आपोआप निरसन होते.

पहिली वार्ता मात्र गावातूनच यावी लागते. कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथील जांभ्याच्या कातळावर कोरलेले बैल, हरणे, मनुष्याकृती व चक्रव्यूहासारखी वर्तुळे अभ्यासकांपुढे आली ती १९९३ मध्ये, आणि तीही स्थानिक लोकांनी सांगितल्यावर. आज ते राज्याचे संरक्षित स्थळ आहे.

ज्या देवस्थानात वा शाळेच्या परिसरात जुन्या वास्तूचे काम निघणार असेल, तेथे ठराव होण्यापूर्वीच ग्रामपंचायतीने अथवा शिक्षकांनी वास्तूची नोंद करावी. भिंतीचे छायाचित्र समोरून न घेता बाजूच्या तिरप्या उजेडात घ्यावे, म्हणजे खरवडलेल्या रेषा दिसतात. मोजमापे, वयस्कांकडून कळलेली माहिती व ठाऊक असल्यास कारागिराचे गाव टिपून ठेवावे. पडलेला गिलावा टाकून न देता मुठीएवढा तुकडा कागदात बांधून ठेवावा. पूर्वीचे मिश्रण काय होते, हे त्यावरून जाणकारास सांगता येते. नोंदीची एक प्रत देवस्थानाच्या दप्तरात, एक पंचायतीत, आणि एक पुरातत्त्व खात्याकडे अथवा ‘इंटॅक’च्या शाखेकडे पाठवावी.